ओलायाच्या शत्रूंची यादी

वाल्देसेका गावात ओलायाशी भांडण झालं नाही असं घर शोधायला कुणी निघालं असतं, तर संध्याकाळपर्यंत पाय दुखले असते आणि जेमतेम एकच घर सापडलं असतं. तिच्याकडे भट्टी होती हे त्याचं एक कारण. गावाला भट्टी एकच. दर शुक्रवारी बायका घरून कणीक मळून, उंडे फळीवर मांडून, वर फडकं टाकून आणायच्या आणि ओलाया ते भाजून द्यायची. वीस पावांमागे एक पाव तिचा. आता कुणाची कणीक आंबट, कुणाची सैल, कुणी नंबर मोडून पुढे घुसलेली, कुणी उंड्यावर आपल्या घरचा ठसा मारायला विसरलेली आणि मग शेजारणीचा फुगलेला पाव आपलाच म्हणून सांगणारी. तिथे एखादा साधुपुरुष बसवला असता तरी वर्षाच्या आत त्याने कुणाच्या तरी डोक्यात पाव सारायचं फावडं घातलं असतं. ओलाया साधुपुरुष नव्हती.

दुसरं कारण ती स्वतः. भांडण तिच्या प्रकृतीला मानवायचं. इतर बायका मिठाशिवाय जेवत नाहीत, ही दोन शब्द सुनावल्याशिवाय जेवायची नाही. तिचा नवरा गास्पार मात्र गरीब गाय. कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो गेला तेव्हा सारं गाव रडलं आणि त्याच्याबद्दल एक वाकडा शब्द बोलणारा कुणी निघाला नाही. पुढे ओलायाला ही गोष्ट आठवली की अंगावर काटा यायचा. पवित्र कचेरीच्या, म्हणजे छुपे धर्मद्रोही हुडकणाऱ्या धर्मन्यायालयाच्या, तावडीत तिच्याऐवजी तो सापडला असता तर बिचाऱ्याचं काही खरं नव्हतं.

साऱ्या गावात एकीशीच ओलायाचं कधी वाजलं नव्हतं, ती म्हणजे विणकराची बायको मेन्सिया. बारीक अंगाची, बारीक आवाजाची, सावलीलाही वाट देऊन चालणारी. शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी यायची आणि भट्टीच्या तोंडाशी लोकर कातत बसायची. ओलाया बोलायची, ती ऐकायची. ओलायाला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली, तेव्हा बाप्तिस्म्याला तिला हातावर घेणारी मेन्सियाच. मुलगी अकरा महिन्यांची होऊन गेली. त्यानंतर चाळीस दिवस मेन्सिया ओलायाच्या घरी राहिली, तिला भरवलं, तिचे केस विंचरले आणि एका शब्दाने सांत्वन केलं नाही. त्याबद्दल ओलाया तिला जन्मभर मानत आली.

उपासाच्या महिन्यातल्या एका रविवारी चर्चमध्ये पवित्र कचेरीचं फर्मान वाचलं गेलं. कुणी शनिवारी धुतलेले कपडे घालत असेल, कुणी डुकराचं मांस टाळत असेल, कुणी मळलेल्या कणकेचा चिमटा विस्तवात टाकत असेल, तर तो छुपा यहुदी समजावा. ज्याने पाहिलं आणि सांगितलं नाही तोही पापी. सगळं गाव श्वास रोखून ऐकत होतं. दोघी सोडून. त्यातली एक ओलाया आणि दुसरी खाटकाची विधवा तोरिबिया. तोरिबियाने आपली चटई ओलायाच्या जागेवर एक वीत सरकवली होती आणि त्या एका वितीवरून दोघींची दबक्या आवाजात जुंपली होती.

"अंग आवर जरा. सगळं चर्च तुझ्याच मांड्यांसाठी बांधलंय का?" ओलाया.

"तुझ्यासारखी सुकलेली शेंग नाही मी, जागा लागते मला," तोरिबिया.

त्या नादात फर्मान ओलायाच्या कानावरून गेलं. पुढच्या शुक्रवारी नेहमीप्रमाणे पाव आत घालण्यापूर्वी तिने कणकेचा चिमटा तोडला, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली आणि विस्तवात भिरकावला. चिमटा लगेच काळा पडला तर भट्टी फार तापली, पांढराच राहिला तर अजून वेळ आहे. तिची आई असंच करायची, आजीही. आजी नेमकी कशासाठी करायची ते आजीच जाणे. आमच्याकडे तीन पिढ्यांमागची चूल कुणी उकरत नाही. राखेखालून काय निघेल सांगता येत नाही.

ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी भरदुपारी दोन माणसं आली, भट्टीला कुलूप लावलं आणि ओलायाला खेचरावर बसवून डोंगरावरच्या शहरात घेऊन गेली.

पवित्र कचेरीची रीत अशी, की आरोप काय ते सांगायचंच नाही. तीन वेळा बोलावून विचारायचं: तुला इथे का आणलंय ते तुझ्या मनाला ठाऊक आहे, कबूल कर. ओलायाने प्रामाणिकपणे मनाला विचारलं. पहिल्या खेपेला तिने कबूल केलं, की दुष्काळाच्या साली विसातला एक पाव घेताना ती मोठा निवडायची. दुसऱ्या खेपेला कबूल केलं, की पाद्रीसाहेबांच्या कुत्र्याला तिने जळतं लाकूड फेकून मारलं होतं. तिसऱ्या खेपेला पुष्कळ विचार करून म्हणाली, "महाराज, तोरिबियाला प्लेग व्हावा म्हणून मी एकदा मेणबत्ती लावली होती. पण ती बाई अजून ठणठणीत आहे, म्हणजे गुन्हा पुरा झाला नाही."

लिहून घेणाऱ्या कारकुनाने मान खाली घातली. न्यायाधीश हसले नाहीत.

मग आरोप वाचला. अमुक गावात, अमुक व्यक्तीने पाहिलं, की आरोपी बाई दर शुक्रवारी कणकेचा चिमटा विस्तवात टाकते आणि टाकताना ओठ हलवते. दुसरी आणि तिसरी व्यक्ती म्हणते, की हे आपल्या कानावर आलं आहे. नाव एकाचंही नाही. पवित्र कचेरी साक्षीदारांची नावं कधी देत नाही.

"अहो, ती तर भट्टी बघायची रीत आहे," ओलाया म्हणाली. "माझी आई टाकायची. माझी आजी टाकायची."

"आजी कुठली?" न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं.

"आजी..." म्हणून जन्मात पहिल्यांदा ओलायाने वाक्य अर्धवट सोडलं. आजी यहुद्यांतली होती की नव्हती, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. आपण इथून जिवंत सुटणार नाही, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं.

कचेरीने तिला एक वकील दिला. सालदान्या त्याचं नाव, सर्दीने कायम बेजार असलेला, थकलेला माणूस. त्याने नाक पुसत सांगितलं, "बाई, नावं मलाही ठाऊक नाहीत. पण एक वाट आहे. तुमचे जे कोणी हाडवैरी असतील त्यांची यादी द्या. प्रत्येकाशी वैर का, ते सांगा, आणि ते वैर ठाऊक असलेला माणूसही सांगा. साक्ष देणारा त्या यादीत निघाला तर ती साक्ष बाद होते. बहुतेक लोकांना चार-पाच नावंसुद्धा आठवत नाहीत. जरा ताण द्या डोक्याला."

ओलायाने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने तिला स्वर्गाची किल्ली दिली होती.

"कागद किती आहे तुमच्याकडे?" तिने विचारलं.

सालदान्याला चार दिवस लागले. पहिलं नाव तोरिबियाचं. तिच्या एकटीच्या कारणांना दोन पानं गेली. मग पिठात कोंडा मिसळणारा गिरणीवाला. चर्चची राखण करणाऱ्याची बायको फेलिपा, जिने ओलायाला बाजारात 'पावचोर' म्हटलं होतं. मग फेलिपाची सासू, कारण तिने फेलिपाची बाजू घेतली. आणि फेलिपाची जाऊ, कारण तिने कुणाचीच घेतली नाही. मग लोहार, न्हावी, दोन्ही सुईणी. "आता माझा चुलतभाऊ लिहा," ओलाया म्हणाली. "त्याच्याशी काय झालंय ते आठवत नाही, पण झालंय नक्की." सालदान्या आधी कंटाळला, मग थक्क झाला, आणि तिसऱ्या दिवशी त्याची सर्दी गेली.

यादी न्यायाधीशांपुढे गेली. परत आला तेव्हा वकिलाचा चेहरा उतरला होता.

"वाचताना मी त्यांच्या बोटाकडे बघत होतो," तो हळू म्हणाला. "दोन नावांवर बोट थांबलं. शेवटपर्यंत तिसऱ्यांदा थांबलं नाही. साक्षी तीन आहेत, बाई. आणि जो राहिलाय तो डोळ्यांनी पाहणारा. अजून कुणी आठवतंय का?"

"उरलंय कोण आता? सगळं गाव तर दिलं तुम्हाला."

"सगळं?"

ओलाया कोठडीत परत आली आणि भिंतीला टेकून बसली. डोळ्यांनी पाहणारा. चिमटा विस्तवात जातो ते फळ्या घेऊन बाहेर उभ्या असलेल्या बायकांना दिसत नाही, मध्ये ओलायाचीच पाठ असते. ओठ हलतात ते दिसायला तर अगदी भट्टीच्या तोंडाशी बसायला हवं. तिथे कोण बसतं हे तिला विचार न करताही ठाऊक होतं. तरी तिने संपूर्ण गाव पुन्हा एकदा मनातून फिरवलं, कुणीतरी दुसरं तिथे बसवून पाहिलं. कुणी बसेना.

मग ती रडली. तोरिबियाने केलं असतं तर तिने शिव्यांचा पाऊस पाडला असता आणि मोकळी झाली असती. मेन्सियासाठी तिच्याजवळ शिवीच नव्हती, कधी लागलीच नव्हती. काय झालं असेल तेही तिला दिसत होतं. भित्री बाई, फर्मान ऐकून घाबरली असेल, पापनिवेदनाला गेली असेल, पाद्रीने सांगितलं असेल की आधी कचेरीत कळव, मग क्षमा. दिसत होतं, पण त्याने राग कमी होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने वकिलाला बोलावलं. "लिहा. मेन्सिया, विणकराची बायको."

"वैर कशावरून?"

वीस वर्षांत एक तक्रार नाही, आणायची कुठून? शेवटी जे होतं तेच तिने उचललं. "बाप्तिस्म्याच्या वेळी माझ्या मुलीची मेणबत्ती हिच्या हातात विझली. मुलगी पुढे गेली. मी म्हणते ती हिच्या अपशकुनाने गेली. तेव्हापासून आम्ही एकमेकींचं तोंडदेखलं करतो, आतून जीव घ्यायला बसलोय." बोलताना तिला आपल्याच तोंडाची किळस आली. पण मरायचं नव्हतं.

सालदान्याने लिहिलं. "आणि याला साक्ष कोण?"

"तोरिबिया."

त्याने टाक खाली ठेवला. "ती? ती तर यादीत पहिली. दोन पानं."

"म्हणूनच म्हणते. माझ्याबद्दल वाईट बोलायची संधी त्या बाईने आयुष्यात वाया घालवलेली नाही. तिला एवढंच विचारा, की ओलायाचं मेन्सियाशी तरी बरं होतं का. पुढचं ती बघून घेईल."

सालदान्या पहिल्यांदाच हसला. "शत्रूने तुमच्या बाजूची साक्ष दिली तर तिला वजन फार," तो म्हणाला.

पुढचं गावात घडलं आणि तोरिबियाने ते पाणवठ्यावर इतक्या वेळा सांगितलं, की पोराटोरांना पाठ होतं. पाद्रीसाहेबांनी तिला बोलावून शपथ दिली आणि विचारलं, की ओलाया आणि मेन्सिया मैत्रिणी होत्या ना, का बाप्तिस्म्यात विझलेल्या मेणबत्तीवरून त्यांचं वैर होतं असं ओलायाने लिहून दिलंय ते खरं? तेव्हा तोरिबिया म्हणाली, "मैत्रीण? ओलायाची? महाराज, ती बाई स्वतःच्या सावलीशी भांडते. मेन्सिया बिचारी तोंडाची गरीब, म्हणून सोसत बसायची. त्या मेणबत्तीपायी ओलायाने तिला छळलं नसेल तर माझं नाव बदला. अहो, आपल्या मेलेल्या पोरीवरूनसुद्धा भांडेल ती, अशी आहे."

यातला एक शब्दही खरा नव्हता आणि तोरिबिया एकही शब्द खोटा म्हणून बोलली नव्हती.

तिसरी साक्ष बाद झाली. पुरावा उरला नाही, म्हणून खटला बाजूला ठेवला गेला. ओलायाला गुडघ्यावर बसवून कडक समज दिली: पंधरा रविवार अनवाणी प्रार्थनेला जायचं, कणीक विस्तवात टाकायची नाही, आणि आत पाहिलं-ऐकलं त्यातलं काही बाहेर बोललीस तर पाठीवर शंभर फटके. दारापर्यंत सोडायला सालदान्या आला. "एक ध्यानात ठेवा," तो कुजबुजला. "यादीत लिहिलंय ते खरं ठेवा. कचेरीची माणसं गावोगाव हिंडत असतात. मैत्री दिसली तर तुम्ही खोटी शपथ घेतली असं होईल."

दहा महिन्यांनी ती गावात परतली. त्या दहा महिन्यांत भट्टी तोरिबियाकडे होती. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून ती आधी खूष होती. पण ओलायाला कशासाठी धरलं हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, त्यामुळे विस्तवात चिमटा टाकायची कुणाची छाती होईना, आणि भट्टी किती तापली ते कळेना. गावाने एक आठवडा कोळसा खाल्ला आणि एक आठवडा चिखल. ओलायाचं खेचर वेशीत शिरलं तेव्हा तोरिबिया स्वतः फावडं घेऊन सामोरी आली.

"घे बाई तुझं हे," ती म्हणाली. "आणि ऐक. मी काही तुझं नाव कुणाला सांगितलं नव्हतं. तुला काय म्हणायचं ते मी तोंडावर म्हणते. बंद खोलीत कुजबुजायला मी काय उंदीर आहे?"

"ठाऊक आहे," ओलाया म्हणाली. तोरिबियाला एवढं मऊ उत्तर तिने पूर्वी कधी दिलं नव्हतं. तोरिबिया जरा बिचकलीच.

शुक्रवार आला. ओलायाने भट्टी पेटवली. मग बाही वर करून उघडा हात भट्टीच्या तोंडातून आत धरला आणि मोठ्याने माता मारियाची प्रार्थना म्हणू लागली, पार बाहेरच्यांना ऐकू जाईल अशी. दोन प्रार्थना होईपर्यंत हात टिकला तर भट्टी बरोबर, असं तिने ठरवलं होतं. यावर बोट ठेवायला कुणाला जागा नव्हती.

बायका जमल्या. फळ्या पुढे सरकत होत्या, पण सगळ्यांचे डोळे रस्त्याकडे. मेन्सिया सगळ्यांच्या शेवटी आली. आणखी बारीक झाली होती. फळीवर फडक्याखाली चारच उंडे. भट्टीच्या तोंडाशी येऊन ती उभी राहिली आणि ओलायाकडे बघू लागली.

ओलायाने ठरवलं होतं की ओरडायचं नाटक करायचं. पण तोंड उघडलं तशी दहा महिने गिळलेलं सगळं वर आलं आणि त्यात नाटक काहीच उरलं नाही. "ही कणीक म्हणायची? अशी आंबट कणीक आंबट मनातूनच येते. आता आलीस तोंड घेऊन? इतके दिवस कुठे होतीस? कुणाच्या पायाशी बसली होतीस?"

मेन्सियाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पाणी पाहून ओलाया पुढचं विसरली. मागे कुजबूज सुरू झाली. फेलिपा मान लांब करून बघत होती, आणि फेलिपाने पाहिलेलं पाद्रीसाहेबांच्या कानावर जायला संध्याकाळ लागत नसे. असं रडणं, असं बघणं वैरिणींत होत नाही. ओलायाने फळी हिसकावली आणि खाली वाकून दातांतल्या दातांत म्हणाली, "भांड गं. हात जोडते, भांड माझ्याशी."

मेन्सियाला कळायला एक क्षण लागला. मग तिने डोळे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा भांडायला तोंड उघडलं. "तुझा... तुझा आवाज फार मोठा आहे," ती म्हणाली.

सगळ्या बायका खो खो हसल्या. ते हसणं तिला झोंबलं, का आणखी काही आत होतं ते फुटलं, पण पुढचं वाक्य ओरडतच बाहेर आलं. "आणि मेणबत्ती वाऱ्याने विझली होती. दार उघडं होतं. त्या पोरीला मी तुझ्याइतकंच रडले. सगळ्या गावात माझं नाव घालवलंस तू. कसं लिहवलं तुझ्याच्याने?"

तोरिबिया मागून ओलायाला म्हणाली, "अगं, बोल की. झोप लागली का?"

"आणि तू?" ओलाया कशीबशी म्हणाली. "तू काय केलंस ते सांगू का सगळ्यांना?"

"केलं," मेन्सिया ओरडली. "वाईट केलं मी तुझं. भ्याले आणि केलं. तेव्हापासून घास उतरत नाही घशाखाली. आता काय करशील? मारशील?"

बायकांना वाटलं, गरीब गाय शिंगं दाखवायला लागली. ओलाया मात्र फावड्याला धरून उभी होती. राग होता तो अजून होता, पण त्याच्या खाली तिची मेन्सिया होती, जिवंत, समोर, बोलणारी. कोठडीत तिला वाटलं होतं की ही गेली ती गेलीच.

"पुढच्या शुक्रवारी ये," ती शेवटी म्हणाली. "मग दाखवते काय करते ते."

"येईन. येणारच."

"मी पाद्रीसाहेबांना सांगितलंच होतं," तोरिबिया समाधानाने म्हणाली. "या दोघींचं कधी पटलंच नाही."

ओलायाने मेन्सियाचे चार उंडे भट्टीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे पाव सगळ्यांत चांगला फुगतो तिथे सरकवले आणि डोळ्यांना बाही लावली. धूर गेला डोळ्यांत, असं तिने सांगितलं. फेलिपा म्हणाली, धूर तर दिसत नाही कुठे. त्यावरून दोघींचं दुपारपर्यंत भांडण चाललं.

पुढे एकोणीस वर्षं दर शुक्रवारी मेन्सिया यायची आणि भट्टीच्या तोंडाशी दोघी कडाकडा भांडायच्या. मेन्सिया हळूहळू चांगली तयार झाली. तिच्या नवऱ्याला तिच्या आवाजाची भीती वाटू लागली. पोटातलं सगळं त्या भांडणातच बोलायच्या: नवऱ्याचा खोकला, गुडघेदुखी, कुणाचं बाळंतपण, भाव कसे चढलेत. परका माणूस बघायला थांबला की आवाज आणखी चढायचा. आणि एखाद्या शुक्रवारी मेन्सिया आली नाही तर ओलाया गरम पाव फडक्यात गुंडाळून तिच्या दारात जायची, पाव खिडकीत ठेवायची आणि गल्लीत उभी राहून पाव तास तिच्या सात पिढ्या उद्धरायची. अंगात ताप असला तरी मेन्सिया आतून उत्तर द्यायची, आणि ते ऐकलं की ओलाया घरी जाऊन जेवायची.